झायनला कधी जावं, कधी टाळावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लास व्हेगासजवळ राहायला आल्यापासून आमच्या घराची धर्मशाळा झाली आहे. अकोल्याहून, पुण्याहून, बे एरियातून, न्यू जर्सीतून जो येतो त्याला झायनला जायचं असतं आणि प्रत्येक जण व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न विचारतो. तीच उत्तरं टाइप करून मी कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. यातलं बरंचसं ठेचकाळून शिकलेलं आहे, तेव्हा थोडा फटकळपणा सहन करा.

झायन नक्की कुठे आहे? आणि वाळवंट म्हणता, तर तिथे नदी कशी?

युटा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. लास व्हेगासहून १६० मैल, म्हणजे अडीच तासांची ड्राइव्ह. १९०९ मध्ये हा भाग राष्ट्रीय स्मारक झाला आणि १९१९ मध्ये नॅशनल पार्क.

दरीच्या दोन्ही बाजूंना जे लाल-पांढरे कडे दिसतात ती एके काळची वाळूची टेकाडं आहेत. अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीची वाळू दबून दगड झाली, जमीन वर उचलली गेली आणि व्हर्जिन नावाच्या नदीने त्यातून दरी कोरली. ही नदी एरवी इतकी साधी दिसते की आपल्याकडे तिला ओढा म्हणतील. वर्षभरात इथे जेमतेम १५-१६ इंच पाऊस पडतो. मुंबईत २६ जुलै २००५ला एका दिवसात याच्या दुपटीहून जास्त पडला होता. पण हा थोडासा पाऊस कधी आणि कसा पडतो, यावर तुमची सगळी सहल अवलंबून असते. त्याबद्दल खाली येतेच.

सगळ्यात चांगला महिना कोणता?

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आणि नोव्हेंबरचा पहिला. माझं हे मत आता कुणी बदलू शकत नाही. दिवसा कमाल तापमान वीस-बावीस अंश सेल्सियसच्या आसपास, हवा कोरडी, पावसाची भीती ओसरलेली. नदीकाठची कॉटनवुडची झाडं पिवळीधमक होतात आणि मागे लाल कडा. त्या आठवड्यात कुणीही फोटो काढला तरी चांगलाच येतो.

दुसरा नंबर एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. हिरवळ, रानफुलं, दिवसाला पंचवीस-अठ्ठावीस अंश. मात्र तेव्हा बर्फ वितळून नदीला पाणी असतं, त्यामुळे नदीतून चालण्याचा बेत बहुधा रद्द करावा लागतो. मार्चचा भरवसा नाही. एके वर्षी आम्ही सकाळी कानटोपी आणि दुपारी अर्ध्या बाह्या, असे एकाच दिवशी दोन ऋतू बघितले. तसं दिवस-रात्रीत पंधरा-सतरा अंशांचा फरक इथे कुठल्याही ऋतूत पडतो, त्यामुळे एक जाकीट गाडीत कायम ठेवा.

आम्हाला जून-जुलैतच जमतं. मुलांना सुट्टी, आई-बाबाही तेव्हाच येतात. मग जाऊच नये का?

जा. पण झायनच्या वेळापत्रकाने जा, आपल्या नको.

जुलैत इथे सरासरी कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास असतं आणि वाईट दिवशी ते ४२-४३ वर जातं. हे आकडे ऐकून आपली माणसं हसतात. माझे सासरे अकोल्याचे. त्यांनी जन्मभर मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढचा पारा बघितलेला. जूनअखेरीस आम्ही गेलो तेव्हा ते म्हणाले, “हे काय ऊन आहे? हे तर आमच्याकडचं मार्च.” वय एकाहत्तर, तब्येत ठणठणीत. मीही फार काही बोलले नाही. सुनेने किती बोलायचं?

पण अकोल्यात त्या उन्हात ते काय करत होते? दुपारी अकरा ते पाच घरात, कूलरसमोर, पन्हं पीत. बाहेर पडलेच तर डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. इथे आम्ही दुपारी एक वाजता परस ट्रेलवर चालत होतो. सपाट सिमेंटची वाट आहे म्हणून सोपी वाटली, पण तिच्यावर सावली जवळपास नाहीच. अर्ध्या तासाने माझं लक्ष बाबांच्या निळ्या टी-शर्टकडे गेलं. शर्ट कोरडाठक, आणि कॉलरखाली व पाठीवर पांढऱ्या रेघा. मीठ होतं ते. घाम येत होता, पण हवा इतकी कोरडी की अंगावर दिसायच्या आत उडून जात होता. आपल्याला घाम येत नाही, म्हणजे फार उकडत नाही, असा त्यांचा समज. आणि ते गप्प झाले होते. बाबा गप्प होणं हेच आमच्याकडे मोठं लक्षण.

त्यांना नदीकाठी एका कॉटनवुडच्या सावलीत बसवलं, पंचा पाण्यात बुडवून मानेवर ठेवला आणि ओआरएसचं पाकीट बाटलीत घालून घोट घोट पाजलं. तासाभराने त्यांनी विचारलं, “इथे चहा मिळतो का?” तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तेव्हापासून उन्हाळ्यातला आमचा नियम ठरलेला आहे. दरीत नेणारी पार्कची सकाळची पहिली-दुसरी शटल बस पकडायची. कडे इतके उंच आहेत की दरीच्या तळाशी ऊन बरंच उशिरा पोचतं, ती सावली फुकट घ्यायची. साडेदहा-अकराला परत. जेवण, झोप, मुलांसाठी हॉटेलचा तरणतलाव. पाचनंतर पुन्हा बाहेर. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, मिठाचंही बघा. आम्ही लिंबू-साखर-मीठ नेतो, शिवाय खारे शेंगदाणे. ज्यांना रक्तदाबाची किंवा पाणी उतरवायची गोळी चालू आहे, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

तिथेही पावसाळा असतो म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि लोक त्याला मॉन्सूनच म्हणतात. साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दक्षिणेकडून दमट हवा येते आणि दुपारी ढग बांधतात. आपल्यासारखी संततधार नसते. अर्धा-पाऊण तास कोसळतो, विजा कडाडतात आणि मोकळं होतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण धोका इथेच आहे.

आपल्याकडे माती पाणी पिते. इथे डोंगरमाथ्यावर मैलोन्‌मैल उघडा खडक. पडलेला पाऊस मुरत नाही, तो सगळा घसरून अरुंद घळींत उतरतो. वीस फूट रुंदीच्या घळीत ते पाणी शिरलं की मिनिटांत कमरेवरून डोक्यावर जातं. सोबत चिखल, ओंडके, दगड. आणि पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाच हवा असंही नाही. तुमच्यावर निळं आकाश आणि दहा मैलांवर वर ढग फुटलेला, असं होऊ शकतं. १४ सप्टेंबर २०१५ला झायनमधल्या कीहोल नावाच्या घळीत उतरलेल्या सातच्या सात जणांचा अशाच लोंढ्यात मृत्यू झाला.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की सांदण दरी आठवा. पावसाळ्यात सांदणमध्ये आपण उतरू का? मग इथे ऑगस्टच्या दुपारी अरुंद घळीत का शिरायचं? जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एक कुटुंब वाहून गेलं, त्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पाणी कसं वाढतं ते त्यात दिसतं. इथे घळीत तर बाजूला सरायला काठही नसतो.

हवामान खातं रोज झायनसाठी अचानक पूर येण्याचा अंदाज देतं. त्याच्या चार पायऱ्या असतात: नॉट एक्स्पेक्टेड, पॉसिबल, प्रॉबेबल आणि एक्स्पेक्टेड. व्हिजिटर सेंटरमध्ये फलकावर लावलेला असतो. आम्ही पहिल्या पायरीवरच पाण्यात जातो. ‘पॉसिबल’ला लोक जातात, तो ज्याचा त्याचा निर्णय. मुलं बरोबर असतील तर माझ्याकडून नाही. आत असताना पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत येऊ लागली, वरून घरघर ऐकू आली, तर फोटो न काढता उंच जागा गाठायची.

नॅरोज म्हणजे काय आणि तिथे कधी जावं?

दरी जिथे इतकी अरुंद होते की काठ उरत नाही आणि नदी हीच वाट होते, तो भाग म्हणजे नॅरोज. दोन्ही बाजूंना हजार फुटांच्या भिंती, काही ठिकाणी मध्ये जेमतेम वीस-तीस फूट अंतर. शटलच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं, रिव्हरसाइड वॉकची मैलभर वाट संपली की पाण्यात पाय टाकायचा. जमेल तितकं जायचं आणि आलो तसं परतायचं. या खालून वर जाण्याला परमिट लागत नाही. वरच्या टोकाकडून उतरत येण्याला लागतं.

उत्तम काळ जूनचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात, त्यातही पाऊस सरल्यावरचा सप्टेंबरचा शेवट. नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की पार्क नॅरोज बंद करतं. वितळत्या बर्फामुळे वसंतात ते आठवडेच्या आठवडे बंद राहू शकतं. प्रवाहाचा आकडा रोज इंटरनेटवर मिळतो. माझ्या अनुभवाने ५०-६०ला मजा, १००ला मांड्या दुखतात.

तळाशी गोटे आहेत आणि त्यावर चालणं म्हणजे तेल लावलेल्या नारळांवरून चालणं. चप्पल, फ्लोटर बाद. पार्कच्या फाटकाबाहेरच्या स्प्रिंगडेल गावात खास बूट, निओप्रीनचे मोजे आणि उंच काठी भाड्याने मिळते, ती मुकाट्याने घ्या. पाण्यात विषारी शेवाळासारखे जिवाणू आढळले आहेत, म्हणून ते प्यायचं नाही आणि डोकं बुडवायचं नाही. “नदीचं आहे, वाहतं आहे, चालतं” हा युक्तिवाद मी माझ्या मावसभावाकडून ऐकून झालेला आहे. चालत नाही.

हिवाळ्यात काही अर्थ आहे का?

गर्दी नको असेल तर भरपूर. जानेवारीत दिवसा दहा-अकरा अंश, रात्री शून्याच्या खाली. बर्फ पडलं तर तळाशी फार टिकत नाही, पण लाल कड्यांवरची पांढरी रेघ बघायला मी परत परत जाते. शटल बंद असताना स्वतःची गाडी थेट दरीत नेता येते, हा मोठा फायदा. तोटे दोन. सव्वापाचला सूर्य मावळतो, आणि सावलीतल्या वाटांवर बर्फाचा काच झालेला असतो. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे घेतल्याशिवाय चढाच्या वाटेला जाऊ नका.

आईचे गुडघे दुखतात. तिच्यासाठी काय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण झायनला चढ न चढताही सगळं दिसतं. इथे आपण दरीच्या तळाशी असतो आणि कडे मान वर करून बघायचे असतात. ग्रँड कॅन्यनला याच्या उलट.

रिव्हरसाइड वॉक: जाऊन-येऊन सव्वादोन मैल, जवळपास सपाट, पक्की वाट, बरीचशी सावलीत. बसायला जागा आहेत. परस: जाऊन-येऊन साडेतीन मैल, व्हीलचेअर जाते, फक्त सकाळी नाहीतर संध्याकाळी. लोअर एमरल्ड पूल थोडं चढाचं आहे, पण माझ्या आईने काठी घेऊन केलं. आणि ज्यांना अजिबात चालायचं नाही, त्यांनी शटलमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जावं आणि परत यावं. तासाभराहून जास्तच जातो आणि खिडकीतून सगळी दरी दिसते. दरीतल्या लॉजसमोर मोठं हिरवळीचं मैदान आहे, तिथे एक जुना डेरेदार कॉटनवुड आहे. माझी आई त्याच्याखाली दोन तास बसली होती आणि तिच्या मते तोच त्या सहलीतला सगळ्यात चांगला भाग होता.

एंजल्स लँडिंग करावं का?

ही एका उंच कड्याच्या माथ्यावर चढणारी वाट: जाऊन-येऊन सुमारे साडेपाच मैल, दीड हजार फूट चढ, आणि शेवटचा अर्धा मैल दोन्ही बाजूंना दरी व हातात साखळी. १ एप्रिल २०२२पासून त्या साखळीच्या टप्प्यासाठी परमिट लागतं आणि ते लॉटरीने मिळतं. एक लॉटरी ऋतूच्या आधी, दुसरी आदल्या दिवशी. परमिट नाही मिळालं तर साखळीच्या अलीकडे असलेल्या स्काउट लुकआउटपर्यंत जाता येतं, आणि तिथवरच्या एकवीस वळणांनीच बहुतेकांची हौस फिटते. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, अलंग-मदन असं केलेल्यांना हे अवघड वाटणार नाही. उंचीची भीती असणाऱ्यांनी इतरांच्या आग्रहाला बळी पडू नये. वर गर्दी असते, आणि मधूनच मागे फिरणं सोपं नसतं. ओल्या किंवा बर्फाळ दिवशी परमिट हातात असलं तरी सोडून द्या.

गाडी आत नेता येते का?

साधारण मार्च ते नोव्हेंबर आणि डिसेंबरअखेरच्या सुट्टीत मुख्य दरीच्या रस्त्यावर खाजगी गाड्या बंद असतात, फक्त फुकट शटल चालते. व्हिजिटर सेंटरचं पार्किंग गर्दीच्या दिवसांत सकाळी आठ-नऊलाच भरतं. सोपा उपाय म्हणजे स्प्रिंगडेलमध्ये मुक्काम करा, गाडी हॉटेलवर ठेवा आणि गावातल्या शटलने फाटकापर्यंत या. २०२१ मध्ये इथे पन्नास लाखांवर लोक आले होते, यावरून गर्दीची कल्पना करा.

पूर्वेकडचा बोगद्याचा रस्ता मात्र गाडीला खुला असतो. बोगदा १९३०चा, १.१ मैल लांब, डोंगराच्या पोटातून काढलेला. पलीकडे रानमेंढ्या दिसतात. बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या कॅन्यन ओव्हरलुकची छोटी वाट आहे. पार्किंग इवलंसं आहे, मिळालं तर नशीब.

घड्याळाचं काय?

युटा लास व्हेगासच्या एक तास पुढे आहे. जाताना तास जातो, येताना मिळतो. पहिल्या वेळी आम्ही फाटकावर सात वाजता पोचलो आणि तिथे आठ वाजले होते. पार्किंग भरलेलं. अडीच तास पहाटेची झोपमोड करून मुलं रडवली, ती फुकट.

भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिकीट वेगळं आहे का?

हो, हे नवीन आहे. १ जानेवारी २०२६पासून झायनसह अकरा लोकप्रिय पार्कमध्ये अमेरिकेत न राहणाऱ्या सोळा वर्षांच्या व त्यावरील माणसाला नेहमीच्या शुल्काखेरीज १०० डॉलर द्यावे लागतात. जवळचं ब्राइस कॅन्यन आणि ग्रँड कॅन्यनही त्या यादीत आहेत. इथल्या रहिवाशांचा वार्षिक पास ८० डॉलरचा, बाहेरच्यांचा २५०चा. तीन पार्कांची सहल असेल तर घरीच कागदावर हिशोब मांडा. रहिवाशांनी फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र जवळ ठेवावं.

एकाच फेरीत ब्राइसही होईल का?

होईल, दोन तासांवर आहे. पण हवा तीच असेल असं समजू नका. झायनचा तळ चार हजार फुटांवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडा खालीच. ब्राइसचा कडा आठ-नऊ हजारांवर. मेमध्ये झायनला टोपी घालून फिरलेली माणसं ब्राइसला कुडकुडताना मी पाहिली आहेत. उन्हाळ्यात हाच फरक उपयोगी पडतो: झायनची दुपार नको झाली की वर जा.

जेवणाचं?

स्प्रिंगडेलमध्ये खायला मिळतं, शाकाहारीही मिळतं, पण महाग आणि रांग. आमच्याबरोबर मेथीचे ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळ्या असतात. दही कूलबॉक्समध्ये. दरीत पाणी भरायचे नळ जागोजागी आहेत. चॉकलेट उन्हाळ्यात नेऊ नका.

फोन लागतो का?

दरीत जवळपास नाही. नकाशा आधी उतरवून घ्या, आणि चुकामूक झाली तर कुठल्या थांब्यावर भेटायचं हे सकाळीच ठरवा. थांब्याचा नंबर आजी-आजोबांच्या खिशात चिठ्ठीवर लिहून द्या.

आम्ही गेलो आणि नेमका पाऊस लागला तर?

घळी आणि नदीपासून लांब राहा, ओल्या खडकावर चढू नका, कारण हा दगड भिजला की ठिसूळ होतो. आणि मग लॉजच्या व्हरांड्यात किंवा शटलमध्ये बसून कड्यांकडे बघत राहा. पावसानंतर काही मिनिटांत उघड्या कड्यांवरून धबधबे सुटतात. एकदा आम्ही लॉजसमोरून मोजत होतो, अकरापर्यंत मोजले. मुलाचं म्हणणं होतं बारा. तासाभरात एकही उरला नव्हता, नुसत्या काळ्या ओल्या रेघा.

खारी फार धीट आहेत. मुलांनी शेंगदाणे दिले तर चालतील?

नाही. चावतात.